ओटीपी दिला नाही तरी कार्डावरून पैसे जायलेत म्हणे. नेमके कुठून, आणि काय बंद ठेवायचं?

मोंढा_नाका (लातूर)

नमस्कार मंडळी. घरात दोन क्रेडिट कार्डं आहेत, एक दीड लाखाचं, एक साठ हजारांचं. शिवाय तीन डेबिट कार्डं. वापर म्हणाल तर पेट्रोल पंप, किराणा, पुण्याच्या ट्रॅव्हल्सची तिकिटं, पोरांच्या क्लासची फी आणि अधूनमधून ऑनलाइन मागवणं. वडिलांची पेन्शन ज्या खात्यात येते त्याचं एटीएम कार्ड ते स्वतःच वापरतात.

आजवर सगळ्यांनी एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगितली, की ओटीपी कुणाला देऊ नका. ते आम्ही पाळतो. पण सध्या मोंढ्यात जो तो म्हणायलाय की ओटीपी न देताही पैसे जायलेत. हे खरं असेल तर पैसे कोणत्या वाटेनं जातात? ती वाट बंद करायचं बटण कुठं असतं? मर्यादा किती ठेवावी? आणि गेलेच पैसे, तर पहिल्या तासात काय करायचं आणि बँकेला नियमानं किती द्यावं लागतं?

'सावध राहा, सतर्क राहा' असलं नको. ते बँकेच्या भिंतीवर लावलेलं आहेच.

---

बिंदुसरा (बीड)

मोंढ्यातली चर्चा खरी आहे. ऑनलाइन खरेदीला ओटीपीची सक्ती आपल्या देशातल्या व्यवहारांपुरती लागू झाली. परदेशातल्या कितीतरी वेबसाइट कार्डाचे १६ आकडे आणि मुदत एवढ्यावर पैसे कापतात, काही तर मागचे तीन आकडेसुद्धा विचारत नाहीत. तिथं तुमच्या फोनवर ओटीपी येतच नाही, येतो तो थेट पैसे गेल्याचा मेसेज.

आणि ते १६ आकडे चोरायलाच लागतात असंही नाही. सुरुवातीचे सहा ते आठ आकडे बँकेचे आणि कार्डाच्या जातीचे असतात, ते गुपित नाहीत. शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून हिशेबानं निघतो. उरलेले मधले आकडे आणि मुदतीचे महिने संगणक भराभर लावून बघतो. एखादं कार्ड लागलं की आधी एक-दोन डॉलर कापून चाचणी होते आणि मग मोठा हात मारला जातो. त्यामुळं अनोळखी नावानं ८०-९० रुपये गेल्याचा मेसेज आला तर 'जाऊ द्या, किरकोळ आहे' म्हणू नका. ज्यांचं मोठं नुकसान होतं त्यांच्या मेसेजमध्ये मागं जाऊन पाहिलं की बऱ्याचदा असा एक बारका मेसेज सापडतो.

आता बटणं. रिझर्व्ह बँकेनं १५ जानेवारी २०२० ला परिपत्रक काढलं आणि १ ऑक्टोबर २०२० पासून ते लागू झालं. त्यानुसार नवीन कार्ड मिळतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप (कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं) ही तीन दारं तुम्ही स्वतः उघडायची असतात. बहुतेकांची ती उघडी का असतात? कार्ड घेतल्या दिवशी ॲपमध्ये 'सगळं चालू करा' वर बोट ठेवलेलं असतं, म्हणून. बँकेच्या ॲपमध्ये कार्डावर जा. तिथं 'मॅनेज कार्ड', 'कार्ड कंट्रोल' किंवा 'लिमिट' अशा कुठल्यातरी नावाखाली हे पान मिळेल.

परदेशी व्यवहार सगळ्या कार्डांवर बंद करा. एटीएम, दुकान, ऑनलाइन, टॅप, चारही. एखादं ॲप किंवा वर्गणी परदेशी कंपनीमार्फत पैसे कापत असेल तर तेवढा व्यवहार अडकेल. त्या दिवशी पाच मिनिटं चालू करा, काम झालं की बंद.

देशातला ऑनलाइन वापर एकाच कार्डावर ठेवा, आणि ते साठ हजारांचं असू द्या. त्यावर रोजची मर्यादा ५ हजार. क्लासची फी भरायच्या वेळी मर्यादा वाढवायची आणि पावती हातात आली की परत खाली आणायची. दीड लाखाचं कार्ड फक्त मशीनवर पिन टाकून वापरायचं. डेबिट कार्डावर ऑनलाइन पूर्ण बंद. क्रेडिट कार्डावरून चोरी झाली तर भांडण बँकेच्या पैशावर चालतं. डेबिटमधून गेली तर तुमच्या खात्यातला पैसा आधी जातो आणि भांडण मागून चालतं. एवढा फरक पुरेसा आहे.

क्रेडिट कार्डावरची एटीएम रोख मर्यादा शून्य करा. त्या रोखीवर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी लागते, म्हणजे चोर नसला तरी ते दार तोट्याचंच.

टॅपला ५ हजारांपर्यंत पिन लागत नाही. पूर्वी ही मर्यादा २ हजार होती, १ जानेवारी २०२१ पासून वाढली. कार्ड हरवलं तर सापडणारा पहिल्यांदा टॅपच करणार. रोज टॅप करत नसाल तर बंद, करत असाल तर मर्यादा हजारावर आणा. पाकिटातल्या कार्डावरून गर्दीत मशीन फिरवून पैसे काढतात या भीतीनं लोक धातूची पाकिटं घ्यायलेत. टॅप दोन-चार सेंटीमीटरवरच चालतो. बटण बंद असेल तर त्या पाकिटाची गरज नाही.

कार्ड वेबसाइटवर 'सेव्ह' करावं का, हे पुढं कुणीतरी विचारेलच. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार वेबसाइटला तुमचा कार्ड नंबर साठवता येत नाही. तिथं टोकन, म्हणजे नंबराऐवजी दिलेला पर्यायी आकडा असतो आणि तो त्याच दुकानापुरता चालतो. त्यांचा डेटा फुटला तरी ते टोकन दुसरीकडं निरुपयोगी. म्हणून ओळखीच्या मोठ्या दुकानात सेव्ह केलेलं चालतं. धोका आहे तो दर वेळी नवनव्या वेबसाइटवर १६ आकडे टाइप करण्यात. कोणकोणत्या दुकानांना टोकन दिलंय ते बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये दिसतं. जुनी असतील ती काढून टाका. दरमहा आपोआप जाणाऱ्या पैशांची यादीही तिथंच बघा. १५ हजारांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही, मात्र २४ तास आधी सूचना यायला हवी. ती सूचना लोक जाहिरात समजून पुसून टाकतात.

---

दुधना (परभणी)

एवढा खटाटोप कशाला? कार्ड कपाटात ठेवा, मोंढ्यात रोखीनं व्यवहार करा आणि ओटीपी देऊ नका. झालं.

---

गोदाकाठ (नांदेड)

@दुधना, वर बिंदुसरांनी लिहिलंय ते परत वाचा. कपाटातल्या कार्डाचा नंबरही अंदाजानं लागतो. कपाटाला कुलूप आहे, पण कार्डाचा कारभार फोनमध्ये आहे. आणि मराठवाड्यात सध्या जास्त घरफोडी फोनचीच व्हायलीय.

व्हॉट्सॲपवर फाइल येते. नावं ठरलेली: 'आरटीओ चलन', 'पीएम किसान यादी', 'लग्नपत्रिका', 'बँक केवायसी'. नावाच्या शेवटी एपीके असतं, म्हणजे ती प्ले स्टोअरला वळसा घालून ॲप बसवणारी फाइल. पाठवणारा बऱ्याचदा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. फाइल उघडली की ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की तुमचे ओटीपी त्यांच्याकडं जायला लागतात, तुम्ही तोंडानं एक आकडाही सांगितलेला नसतो. 'ओटीपी दिला नाही' म्हणणारे बरेच जण खोटं बोलत नसतात ते यामुळंच.

उपाय एकदाच करायचा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' असं पान आहे. तिथं व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर या सगळ्यांसमोरची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा. मग मेसेज वाचायची परवानगी आणि 'ॲक्सेसिबिलिटी' (फोनचा पडदा वाचायची आणि चालवायची परवानगी) कुणाकुणाला दिलीय ते तपासा. टॉर्च, कॅलेंडर, फोटो सजवायचं ॲप यांना मेसेज कशाला वाचायचे असतात? काढून टाका. गाडीवर चलन आहे का हे बघायचं असेल तर महाट्रॅफिकईचलन डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर गाडीचा नंबर टाकून बघा. चलन कधी एपीके फाइलमधून येत नाही.

फाइल उघडली गेलीच तर क्रम महत्त्वाचा. आधी फोन फ्लाइट मोडवर आणि वायफाय बंद. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड आणि नेट बँकिंग बंद. त्यानंतर ते ॲप काढायचं. निघत नसेल तर सेटिंगमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' मध्ये त्याची खूण काढा, मग निघेल. तरीही खात्री वाटत नसेल तर फोटो दुसरीकडं उतरवून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून. त्याच फोनवर बदलले तर नवे पासवर्डही त्यांनाच कळतील. घाईत लोक आधी ॲप शोधत बसतात, तोवर पैसे जातात.

दुसरी वाट सिमची. चांगल्या रेंजमध्ये अचानक नेटवर्क गेलं आणि तासभर आलं नाही तर टॉवरला दोष देत बसू नका, दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की माझ्या नंबरचं नवं सिम कुणी काढलंय का. सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्यावर मेसेज बंद ठेवायचा नियम आहे. तेवढाच वेळ तुमच्या हातात असतो. बँकेला दिलेला जुना नंबर रिचार्जविना बंद पडलाय का तेही बघा. बंद नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या माणसाला दिला जातो आणि मग तुमचे मेसेज त्याच्या फोनवर वाजतात. गावाकडच्या खात्यांना हे फार लागू आहे. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं.

तिसरी वाट, कॉल वळवणं. 'कुरिअर पोहोचत नाही, हा कोड डायल करा' म्हणून स्टार-चौकटीचा नंबर देतात. तो तुमचे कॉल त्यांच्याकडं वळवायचा असतो, मग फोनवरून सांगितला जाणारा ओटीपी तिकडं ऐकला जातो. शंका असेल तर ##००२# डायल करा, सगळे वळवलेले कॉल रद्द होतात.

बँकेचा फोन खरा कसा ओळखायचा? रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय की सेवेचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करायचे, आणि जाहिरातीचे १४० वरून. दहा आकडी मोबाइलवरून 'कार्ड विभागातून बोलतोय' म्हणणारा कितीही शुद्ध मराठी बोलला तरी फोन ठेवा आणि कार्डाच्या पाठीवरच्या नंबरवर तुम्ही स्वतः करा. तो नंबर गुगलवर शोधू नका, तिथं खोटे नंबर पेरलेले असतात. आत्ताच सगळ्या कार्डांच्या पाठीवरचे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये साठवा आणि एका कागदावरही लिहून ठेवा. फोनच गेला तर कागदच कामाला येतो. बँकांच्या वेबसाइटचे पत्तेही आता 'डॉट बँक डॉट इन' ने संपतात. पॉइंट संपायलेत, लिमिट वाढवून देतो, कार्ड बंद होणार, हे सगळे फोन एकाच घाटावरचे.

एक बारीक गोष्ट: फोन लॉक असतानाही मेसेजचा मजकूर वर दिसत असेल तर ते बंद करा. नाहीतर हरवलेला फोन न उघडताच ओटीपी वाचून दाखवतो.

---

मांजराकाठ (धाराशिव)

पैसे गेल्यानंतरचं लिहितो, कारण नियम लोकांच्या बाजूनं बराच चांगला आहे, आणि तो माहीत नसल्यामुळं वाया जातो.

पहिली पंधरा मिनिटं: ॲपमधून कार्ड ब्लॉक करा. नुसतं 'तात्पुरतं लॉक' नको, कारण लॉक करणं म्हणजे तक्रार नोंदवणं नव्हे. मग कार्डाच्या पाठीवरच्या नंबरवर फोन करून 'हा व्यवहार माझा नाही' असं सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. क्रमांक आणि घड्याळातली वेळ, दोन्ही लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्या वेळेवर चालतो.

लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. लागला नाही तर थांबू नका, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर 'आर्थिक फसवणूक' खाली तक्रार भरा. हाताशी हवं ते असं: कार्डाचे शेवटचे चार आकडे, बँकेचं नाव, रक्कम, तारीख-वेळ, मेसेजमध्ये आलेलं दुकानाचं नाव आणि संदर्भ क्रमांक. कार्डाचा पूर्ण नंबर किंवा पिन तिथंही द्यायचा नसतो. पैसा पुढच्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये असेपर्यंत तो गोठवता येतो, चार हात बदलून रोख निघाला की संपलं. 'आधी मुलगा पुण्याहून येऊ दे, मग बघू' यात नेमका तो वेळ जातो. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढा.

आता बँकेची जबाबदारी. हे नियम रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला काढले, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वेगळे. चूक बँकेची असेल तर तुम्ही कधीही कळवा, तुमचं नुकसान शून्य. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर दर व्यवहारामागं तुमचं नुकसान मर्यादित: साध्या बचत खात्याला आणि ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १० हजार, शून्य शिलकीच्या मूलभूत बचत खात्याला ५ हजार, ५ लाखांवरच्या क्रेडिट कार्डाला २५ हजार. व्यवहाराची रक्कम याहून कमी असेल तर तेवढीच. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सोडलंय, म्हणजे त्यांच्या मर्जीवर.

कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. चूक तुमची होती हे सिद्ध करणं बँकेचं काम, तुमचं नव्हे. काउंटरवर हे वाक्य शांतपणे म्हणून बघा, बोलण्याचा सूर बदलतो.

तुमच्याकडून ओटीपी, पिन गेला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून चूक आपली असली तरी लाजून गप्प बसायचं नाही, पहिला हप्ता गेला तरी दुसरा थांबवता येतो. आणि अर्जात खोटं लिहू नका. ओटीपी कोणत्या वेळी गेला आणि टाकला गेला याची नोंद बँकेकडं असते. 'व्यवहार माझा नाही' ऐवजी 'फसवून करवून घेतला' असं लिहावं.

फोनवर थांबू नका, त्याच दिवशी लेखी द्या. ईमेल करा आणि शाखेत कागद देऊन पोच घ्या. मजकूर एवढा पुरे:

'माझ्या … या आकड्यांनी संपणाऱ्या कार्डावर दि. … रोजी … वाजता रु. … चा व्यवहार झाल्याचा संदेश मला … वाजता मिळाला. हा व्यवहार मी केलेला नाही व त्यास माझी संमती नाही. … वाजता कार्ड बंद करून घेतले असून तक्रार क्रमांक … आहे. १९३० वरील तक्रार क्रमांक … आहे. ग्राहकाच्या मर्यादित जबाबदारीच्या नियमांनुसार रक्कम १० कामकाजाच्या दिवसांत जमा करावी.'

क्रेडिट कार्डाचं बिल आलं की लोक एक चूक हमखास करतात, रागानं पूर्ण बिलच अडवतात. वादातली रक्कम सोडून बाकीचं बिल मुदतीत भरा. वादातल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत शुल्क लावायचं नाही असा नियम आहे, पण बाकीचं थकवलं तर त्याचं व्याज लागेल आणि सिबिलही खराब होईल.

पोलिसांत 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर मिळालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. हद्द कुठलीही असो, फिर्याद नोंदवता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. गुन्ह्याला सहसा माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ क, ६६ ड आणि भारतीय न्याय संहितेचं ३१८ लागतं.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा. फी नाही, वकील लागत नाही. चौकशीला १४४४८. इथं एक आपल्या भागाचं: पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या म्हणजे बँक नव्हे. त्यांच्या पाट्या बँकेसारख्या असतात, व्याज जास्त असतं, पण रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तिथं येत नाही.

आणि तक्रार केल्यावर 'पैसे परत मिळवून देतो, अमुक फी भरा' असे फोन येतील. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात.

---

मोंढा_नाका (लातूर)

डोकं साफ झालं. सगळ्या कार्डांची परदेशी बटणं आत्ताच बंद केली, पाचपैकी चारांवर चालू होती! आता दोन राहिलं. पंपावर काय बघायचं? आणि वडिलांचं एटीएम: त्यांना ॲप जमत नाही, केबिनमध्ये कुणी ना कुणी मदतीला उभा राहतो.

---

खाम (छत्रपती संभाजीनगर)

मदतीला उभा राहणाराच बघायचा. एटीएममध्ये नंबर चोरणारं यंत्र बसवण्यापेक्षा कार्ड बदलणं सोपं आहे, त्याला हातचलाखीशिवाय काही लागत नाही. म्हातारा माणूस अडखळला की 'काका, द्या इकडं' म्हणतो, पिन दाबताना बघतो आणि परत देताना त्याच बँकेचं, त्याच रंगाचं दुसरं कार्ड हातात ठेवतो. घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांनी पैसे काढायला गेलं की कळतं.

म्हणून वडिलांच्या कार्डाच्या पुढच्या बाजूला ठळक रंगाची एक चिकटपट्टी लावा, चिप सोडून. कार्ड हातात आलं की आधी पट्टी बघायची, वाचायची गरज नाही. रोजची एटीएम मर्यादा ५ हजारांवर आणा. ॲप तुम्ही चालवा, त्यांच्या खात्यावरची टॅप, ऑनलाइन, परदेशी, सगळी बटणं बंद. मेसेजचा नंबर त्यांचाच राहू द्या, ईमेल मात्र तुमचा जोडा म्हणजे सूचना दोघांना जाईल. पेन्शनच्या खात्यात सगळी पुंजी ठेवू नका. महिन्याचं लागेल तेवढं तिथं, बाकीचं कार्ड नसलेल्या खात्यात किंवा ठेवीत.

शक्यतो शाखेला लागून असलेलं आणि पहारेकरी असलेलं एटीएम, आणि शाखेच्या वेळेत. कार्ड घालायची खाच हलवून बघा, सैल किंवा दोन थरांची वाटली तर निघून या. पिन दाबताना दुसऱ्या हाताचा पंजा वर. पैसे निघाले नाहीत तर केबिन सोडायच्या आधी नोटांच्या फटीत प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली नाही ना ते बघा, आणि व्यवहार रद्द होऊन पहिला पडदा आल्याशिवाय हलू नका. नोटा न निघता खात्यातून वजा झाले तर ती चोरी नव्हे, त्याचा नियम वेगळा: बँकेनं पाच दिवसांत परत जमा करायचे, नंतर दिवसाला १०० रुपये भरपाई.

'कॅन्सल दोनदा दाबा म्हणजे पिन चोरीला जात नाही', 'पिन उलटा टाकला की पोलीस येतात', हे व्हॉट्सॲपवरचं दोन्ही खोटं आहे. वडिलांच्या डोक्यातून आधी ते काढा.

पंपावर कार्ड गाडीच्या खिडकीतून देऊन मोकळं व्हायचं नाही. मशीन तुमच्याजवळ आणायला सांगा, नाहीतर खाली उतरा. पडद्यावरची रक्कम वाचूनच टॅप किंवा पिन. 'फेल झालं, परत करा' म्हणाले तर आधी फेल झाल्याची चिठ्ठी किंवा फोनवरचा मेसेज बघा. दुसऱ्यांदा दिलेले पैसे परत मिळतात, पण फेऱ्या तुम्हाला माराव्या लागतात. ट्रॅव्हल्सच्या मध्यरात्रीच्या ढाब्यावर, अर्धवट झोपेत कार्ड काढूच नका. तिथं शंभर-दोनशेची रोख बरी. एवढ्यापुरतं दुधनांचं म्हणणं मान्य.

---

गोदाकाठ (नांदेड)

एक राहून गेलं. तुमचं कार्ड न चोरता तुमच्या नावावर नवंच कार्ड काढतात. त्यासाठी लागतं काय? आधार, पॅन आणि फोटोची झेरॉक्स, जी आपण सिमपासून लॉजपर्यंत सगळीकडं वाटत असतो. झेरॉक्स देताना त्यावर आडवं लिहा: 'फक्त अमुक कामासाठी, तारीख', अक्षरं पॅन नंबरला स्पर्श करतील अशी. आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड' आधार यूआयडीएआय या आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवरून मिळतं. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल समोर उभं राहून पुसायला लावा.

वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट अहवाल (तुमच्या नावावरच्या कर्जांची आणि कार्डांची नोंद) फुकट मिळतो, आणि तो चारही कंपन्यांकडून: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. चारही एकदम काढू नका. दर तीन महिन्यांनी एक काढला तर वर्षभर लक्ष राहतं. अहवालात 'चौकशी' असं सदर असतं, तुम्ही अर्ज न केलेल्या बँकेचं नाव तिथं दिसलं तर कुणीतरी तुमच्या पॅनवर प्रयत्न केलाय. चूक कळवल्यावर ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

न मागता कार्ड घरी आलं तर ते चालू करू नका, ओटीपीही देऊ नका. संमती न देता पाठवलेलं कार्ड बँकेला फुकट बंद करावं लागतं. जुनं, न वापरातलं कार्डही ड्रॉवरमध्ये ठेवू नका. बंद करायचा अर्ज दिल्यावर थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद व्हायला हवं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला मिळतो. मग कापा, चिपवरूनच कात्री फिरवा.

---

मोंढा_नाका (लातूर)

शेवटचं एक. @मांजराकाठ, ते तीन दिवस कसे मोजायचे? शुक्रवारी रात्री मेसेज आला आणि दुसरा शनिवार असेल तर?

---

मांजराकाठ (धाराशिव)

मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. तुमच्या मूळ शाखेचे कामकाजाचे दिवस धरायचे. शुक्रवार सोडला, दुसरा शनिवार आणि रविवार सुट्टी, म्हणजे सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा. बुधवारपर्यंत कळवलं तर शून्य जबाबदारीत बसता. पण हा हिशेब बँकेशी भांडायला ठेवा. ब्लॉक शुक्रवारी रात्रीच करायचा, तक्रारीचा फोन रात्रीही चालू असतो.